बर्फाच्या साच्यातलं जहाज

ते पुस्तक मला रद्दीच्या दुकानात मिळालं. डोंबिवलीला बाजारातून घरी येताना वाटेत एक रद्दीवाला होता. जुनी मासिकं चाळायला मी अधूनमधून त्याच्याकडे थांबायचे. त्या दिवशी एका गठ्ठ्याखालून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ओढून काढलं. पुठ्ठा निघालेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. जगातल्या नावाजलेल्या जहाजांवरचं होतं. मधूनच उघडलं तर समोर तीन डोलकाठ्यांचं एक जहाज. ते पाण्यात नव्हतं. चहूकडे बर्फ आणि त्या बर्फावर ते चक्क बसलेलं, एखादी बाई पाटावर ऐसपैस बसावी तसं.

मी तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागले. शंभरेक वर्षांपूर्वी नॉर्वेच्या एका संशोधकाने हे जहाज मुद्दाम बांधून घेतलं होतं. तोवर उत्तर ध्रुवाकडे गेलेली कितीतरी जहाजं बर्फात अडकायची आणि चिरडून जायची. या माणसाने वेगळाच विचार केला. बर्फाशी झुंजायचंच नाही. जहाजाचं पोट इतकं गोल करायचं, की बर्फाने दोन्हीकडून दाबलं की ते सटकून वर यावं. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली की सटकते, तसं. मग तो आपण होऊन त्या बर्फात शिरला, जहाज गोठू दिलं, बर्फ वाहत नेईल तिकडे तीन वर्षं वाहत गेला आणि सगळी माणसं सुखरूप परत आली. जहाजाचं नाव त्यांच्या भाषेत 'पुढे' या अर्थाचं होतं.

मी पुस्तक पिशवीत घातलं, भाजीच्या वर.

मी तेव्हा ठाण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत ट्रेसर होते. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने मशिनच्या भागांची ड्रॉइंग काढायचे आणि आम्ही बायका त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईने ती गिरवायचो. माझा हात चांगला होता. रेष कधी जाड-बारीक व्हायची नाही, शाई कधी सांडली नाही. पण लग्नाआधीपासून इतकी वर्षं नोकरी करून मी स्वतःची म्हणून एक रेष काढलेली नव्हती. सगळ्या दुसऱ्याच्या रेषा.

त्या पुस्तकात जहाजाचं बाजूने काढलेलं ड्रॉइंग होतं आणि वरून काढलेलंही होतं, मापासकट. ते बघताना पहिल्यांदा मनात आलं, हे मला मोठं करून काढता येईल. आणि लगेच पुढचं आलं, काढता येईल तर करताही येईल. लाकडाचं, खऱ्याच्या एक-पन्नासांश, म्हणजे साधारण अडीच फूट लांब.

घरी हे मी पहिल्यांदा जेवताना बोलले. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होता, शिफ्टमध्ये. तो म्हणाला, "कर की. गणपतीत शोकेसमध्ये ठेवू." त्याच्या दृष्टीने विषय संपला. सासूबाईंनी मात्र भाताचा घास हातात तसाच धरला.

"लाकडाचं जहाज? या दोन खोल्यांत?"

"टेबलावर करीन आई. पसारा नाही होणार."

"अगं, संसार आहे की लाकडाची वखार?"

सासूबाई रत्नागिरीकडच्या, अंगाने काटकुळ्या आणि आवाजाने खणखणीत. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी सोडणारा माणूससुद्धा त्यांना विचारून नळ बंद करायचा. त्यांचं आणि माझं भांडण कधी झालं नव्हतं. खरं तर फारसं काहीच झालं नव्हतं. त्या त्यांच्या कामात, मी माझ्या.

मी सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात अडले. पुस्तकात जिथे जहाजाचे आडवे छेद असायला हवेत, तिथलं पान फाटलेलं होतं. बाजूचं चित्र लांबी आणि उंची सांगतं, वरचं चित्र रुंदी सांगतं. पण पोट कडेपासून तळापर्यंत कसं वळत जातं, ते फक्त आडव्या छेदात कळतं. भोपळा मधोमध कापल्याशिवाय त्याची आतली गोलाई कळत नाही, तसंच. ठाण्यात दोन वाचनालयं पालथी घातली. काही मिळालं नाही.

ऑफिसमध्ये आमचे मुख्य ड्राफ्ट्समन होते, पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही चित्रं नीट बघितली.

"सेक्शन नाहीत, तर अंदाजाने करा. नाहीतरी मॉडेल स्टँडवर बसणार. पाण्याखालचं कोण बघतंय?"

सल्ला प्रामाणिक होता. पण माझं मन मानेना. दुसरं कुठलंही जहाज असतं तर चाललं असतं. या जहाजाचं सगळं मोठेपण पाण्याखालच्या पोटात होतं. तेच अंदाजाने करायचं तर बाकीचं कशाला करायचं?

मग मी आधी एक छोटा नमुना करायचं ठरवलं. डोलकाठ्या नाहीत, डेक नाही, नुसतं बूड, हातभर लांबीचं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, आमच्या कोकणात त्याची खेळणी करतात. सासूबाईंच्या भाच्याने गावाहून येताना एक ओंडका आणून दिला. गॅलरीत बसून मी पटाशीने तो आतून-बाहेरून कोरला. इतर जहाजांच्या चित्रांत असतं तसं पोट केलं, थोडं गोल, खाली निमुळतं. दिसायला छान झालं. पण बरोबर आहे का, हे सांगणार कोण?

त्याच दिवसांत दारावर कोळीण आली. ठाण्याहून यायची, वर्षानुवर्षांची. सासूबाई आणि तिची माशांच्या भावावरून रोजची बाचाबाची चालायची, आणि दोघींनाही त्यात मजा यायची. तिने पाटीवरचं गोणपाट बाजूला केलं. बांगड्यांच्या चहूबाजूंनी बर्फाचे खडे होते, आणि दोन मोठ्या खड्यांमध्ये एक बांगडा असा आवळला गेला होता की तिला तो ओढूनही निघेना.

मी बघतच राहिले. "मावशी, हा बर्फ कुठून आणता?"

"खाडीकडच्या कारखान्यातून गो. कशाला? तुला सरबत करायचंय?"

मी आत जाऊन पांगाऱ्याचं बूड घेऊन आले. ज्याने त्या जहाजाला दाबलं, त्यालाच विचारायचं. बर्फानेच सांगावं पोट बरोबर आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षा करून त्या बर्फाच्या कारखान्यात गेले. दाराशी एक माणूस खुर्चीवर बसला होता. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि याच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी. तोच मालक. मी माझं म्हणणं सांगितलं. हे छोटं जहाज तुमच्या साच्यात तरंगत ठेवायचं, भोवती बर्फ होऊ द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. तो आधी हसला, मग म्हणाला, "बाई, घरी जा. पोळ्या करा. इथे पाय घसरला तर माझ्या डोक्याला ताप."

संध्याकाळी मी घरी येऊन पिशवी कोपऱ्यात टाकून दिली. सासूबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला.

"काय झालं? ऑफिसात कोणी बोललं?"

मी सांगितलं.

"काय म्हणाला? पोळ्या करा?"

"हो."

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला पोळ्या करायला सांगणारा हा कोण? ते सांगायचं असेल तर मी सांगीन. उद्या हाफ डे टाक."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या फाटकाबाहेर आले तर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या, आणि शेजारी कोळीण, रिकामी पाटी काखेत मारून. दोघींचं आपापसात आधीच ठरलेलं होतं.

कारखान्याच्या दाराशी कोळीण थांबलीच नाही. थेट मालकाच्या टेबलावर पाटी आपटली.

"शेट, माझ्या सासूच्या टायमापासून तुझा बरफ घेतंय आमी. एक डबा या बायेला नाय देनार तू?"

"अगं मावशी, डब्याचा प्रश्न नाही..."

"मग कसला प्रश्न हाय?"

तो काही बोलणार एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. मालकाला त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तुमचा बर्फ पक्का असतो ना हो? की भुसभुशीत?"

मालकाला ते लागलं. "पक्का म्हणजे? काचेसारखा असतो."

"मग दाखवा. या लाकडाला दाबून दाखवा. नाही दाबलं गेलं तर मी म्हणेन यांचा बर्फ भुसभुशीत."

त्याने एकदा तिघींकडे बघितलं, कानटोपी खाली ओढली आणि म्हणाला, "या आत. चपला काढून या, घसराल."

आत पाऊल टाकलं आणि अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणीच आलं. सगळी जमीन लाकडी फळ्यांची. एक फळी उचलली की खाली मिठाचं काळं, थंडगार पाणी आणि त्यात ओळीने बुडवलेले पत्र्याचे उंच डबे. या डब्यांत साधं पाणी भरायचं, बाहेरच्या खाऱ्या पाण्याच्या थंडीने त्याची लादी होते. कडेने आधी गोठतं, मग आत आत सरकत येतं. म्हणजे मला हवं होतं तेच. मधोमध तरंगणाऱ्या जहाजावर चहूकडून बर्फ चाल करून येणार. मी बुडात वाळूच्या छोट्या पुड्या ठेवल्या, खऱ्या जहाजाइतकं ते पाण्यात बसावं म्हणून. कामगाराने फळी लावली. "परवा या," म्हणाला.

परवा आम्ही तिघी परत गेलो. डबा क्रेनने वर आला, साध्या पाण्यात बुडवला, उलटा-सुलटा झाला आणि लादी सर्रकन बाहेर घसरली. पांगाऱ्याचं बूड बर्फाच्या आत होतं. कडेच्या वरपर्यंत बर्फाने धरलेलं, आणि मधोमध लांबलचक उभी भेग. पांगारा दुभंगून आतली वाळू लादीत विखुरलेली.

मालकाने खूश होऊन लादीवर थाप मारली. "बघा, भुसभुशीत आहे का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ पक्का आहे. आता जहाज पक्कं करू." आणि माझ्याकडे वळून, "उचल ते. घरी न्यायचंय."

कामगाराने लादीतून फोडून दिलेला, गोणपाटात गुंडाळलेला तो बर्फाचा तुकडा घरी पोचेपर्यंत निम्मा वितळला, पण मला हवं होतं ते शाबूत होतं. बुडावर जिथे जिथे बर्फाने पकडलं होतं, तिथे लाकूड दबून चकाकत होतं. ते डाग बहुतेक एकाच पट्ट्यात होते. पाण्याच्या रेषेपाशी बाजू जवळजवळ सरळ उभ्या होत्या, तिथे. आणि तळाच्या निमुळत्या भागाला बर्फाने चिमटीत धरावं तसं धरून ठेवलं होतं. म्हणजे बर्फाला सरळ भिंत मिळाली की तो धरतो. धार मिळाली की आवळतो. त्याला काहीच धरायला मिळता कामा नये.

मी टेबलावर कागद अंथरला. त्याखाली दुसरा कुठलाही कागद नव्हता. आधी हात थोडा अवघडला, मग सुटला. मधला छेद, पुढचा छेद, मागचा छेद, एकामागून एक काढत गेले. सगळ्या बाजू कललेल्या, तळ जवळजवळ नारळाच्या करवंटीसारखा, तळाचा कणा बाहेर न ठेवता लाकडातच बुडवलेला. फार फुगीर वाटायला लागलं. जहाज कमी, कढई जास्त. पण बाजूच्या आणि वरच्या चित्राशी प्रत्येक माप जुळत होतं. रेषा एकमेकींना ओढूनताणून भेटत नव्हत्या, आपसूक भेटत होत्या. ड्रॉइंगमध्ये असं झालं की समजायचं, वाट बरोबर आहे.

दुसरं बूड कोरताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा उचलला आणि मी कोरलेला भाग घासायला घेतला. असा घासला की बोट फिरवलं तर कुठे अडेना. मधेच म्हणाल्या, "या जहाजावरच्या माणसांना घरची आठवण येत नसेल का गं?" मी पुस्तकात होतं ते सांगितलं. ते पत्ते खेळायचे, गाणी म्हणायचे, आणि डेकवर पवनचक्की बसवून तिच्यावर विजेचे दिवे लावायचे.

"दिवे?" त्यांचे हात थांबले. "त्या अंधारात? मग तू पण बसव हो पवनचक्की."

कारखान्यात दुसऱ्या खेपेला आमचं स्वागत वेगळं झालं. मालकाने स्वतः फळी उचलली. आम्ही नवं बूड साच्यात ठेवलं, घरी गेलो, आणि ठरल्या दिवशी तिघी परत हजर झालो. या वेळी कामगारही काम सोडून भोवती जमले होते. मी फळीच्या कडेला उकिडवी बसले. कामगाराने हुक लावला, झाकण सरकवलं.

जहाज वर होतं.

डब्याच्या तोंडाशी, पांढऱ्या लादीच्या वर, ते आख्खं बसलेलं होतं. किंचितही कललेलं नव्हतं. पाण्याची रेषा म्हणून मी काढलेली काळी खूण चांगली वीतभर... नाही, वीतभर नसेल, पण बोटं मोजावीत इतकी बर्फाच्या वर आलेली. मी हात लावला तर ते अलगद निघून आलं. खाली लादीत एक गुळगुळीत गोल खळगा राहिला. लाकडावर कुठे चराही नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इतक्या माणसांत मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. सासूबाईंनी मला मिठी मारली, तीही पहिल्यांदाच. कोळणीने जहाज माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "हिला समिंदर नको गो. हिला नुसता बरफ दे, ही जातंय कशी बग!" मालकाने कानटोपी काढली. पहिल्यांदाच त्याचं टक्कल दिसलं. "बाई," तो म्हणाला, "पोळ्यांचं बोललो ते सोडा. चहा घेऊन जा."

त्यानंतर मोठं जहाज करायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात आमचं घर जहाजाचंच होतं. टेबलावर ते, आणि आम्ही खाली पंगत मांडून जेवायचो. आधी माझ्या छेदांप्रमाणे प्लायवूडच्या बरगड्या कापल्या आणि कण्यावर उभ्या केल्या. वरून सागवानाच्या पातळ पट्ट्या. ठाण्यात एका फर्निचरवाल्याकडून चिरून घेतलेल्या पट्ट्या आणायचे. त्या पट्ट्या वाकवायच्या कशा हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. इडलीपात्रात पाणी उकळलं, वीतभर लांबीच्या पट्ट्या आडव्या घातल्या आणि झाकण लावलं. वाफेने मऊ झाल्या की मी पटकन बरगडीवर बसवायचे. कित्येक रविवारी इडल्या नाहीत, पट्ट्याच. नवरा स्वयंपाकघरात डोकावून विचारायचा, "आज काय, सागवानी इडली?"

दोरांचं सगळं काम सासूबाईंचं. देवाच्या वाती वळून त्यांचा हात तयार होता. मांडीवर सुताचे धागे घेऊन त्या असा पीळ द्यायच्या की दोरी सुटायची नाही आणि गाठही दिसायची नाही. जाड दोर डोलकाठ्यांना, बारीक दोर शिडांना, त्याहून बारीक शिड्यांच्या पायऱ्यांना. शिडं सासऱ्यांच्या जुन्या मऊ धोतराची, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते धोतर ट्रंकेतून काढताना त्या थोडा वेळ हातात धरून बसल्या, मग कात्री माझ्याकडे दिली. "काप. माळ्यावर कुजण्यापेक्षा वाऱ्यावर बरं."

पवनचक्कीला एका बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची चाकं लावली. फुंकर मारली की पाती फिरायची.

जहाज पूर्ण झालं त्या वर्षी हिवाळ्यात ठाण्याला हौशी कारागिरांचं एक प्रदर्शन भरणार होतं. नवऱ्याने अर्ज भरून टाकला, मला न विचारताच. खरी अडचण ते तिथे न्यायची होती. जहाज जितकं लांब तितकंच उंच, लोकलच्या गर्दीत नेणं अशक्य. मग ओळखीच्या माणसाचा टेम्पो सांगितला. मागे गाद्या, गाद्यांवर जहाज आणि दोन्ही बाजूंनी सासूबाई आणि मी, हात पसरून बसलेल्या. वाटेत शीळफाट्याला ट्रकची ही रांग. आमचा ड्रायव्हर कडेने काढायला गेला आणि टेम्पो एका खड्ड्यात गेला. आम्ही दोघी हवेत उडालो. जहाज आम्ही धरून ठेवलं, पण पुढच्या डोलकाठीवरचा आडवा वासा कडकन तुटून लोंबायला लागला.

मला रडू कोसळलं. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून दोऱ्याचं रीळ काढलं. त्यांनी ते बरोबर घेतलं होतं, मला माहीतही नव्हतं. अंबाड्यातला एक आकडा काढून तुटलेल्या जागी आधाराला लावला आणि वरून दोरा गुंडाळायला लागल्या, एकाला एक चिकटून, सावकाश. मागे हॉर्न वाजत होते.

"रडतेस काय? इतकी वर्षं बर्फात होतं ते. त्यांचं काही मोडलंच नसेल?"

ट्रक हलायला लागेपर्यंत वासा पुन्हा जागेवर होता. नंतर प्रदर्शनात बऱ्याच जणांना तीच बांधणी सगळ्यांत आवडली. खऱ्या जहाजावरची वाटली म्हणे.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळून वळून आम्ही हॉलवर पोचलो, तर दारात एक हातगाडी उभी, आणि हातगाडीवर गोणपाटाखाली बर्फाची अख्खी लादी. शेजारी कानटोपी घातलेला मालक आणि कोळीण. लादीच्या वर मधोमध खळगा, जसा आमच्या चाचणीत झाला होता तसाच. सासूबाईंनी हेही आधीच ठरवून ठेवलं होतं. मोठ्या जहाजाशेजारी पत्र्याच्या परातीत लादी ठेवली, आणि तिच्यावर पांगाऱ्याचं छोटं जहाज.

दुपारपर्यंत आमच्या टेबलापाशी हॉलमधली सगळ्यांत मोठी गर्दी होती. मुलं बर्फाला बोटं लावून बघत होती. मालक स्वतः सगळ्यांना समजावून सांगत होता, बर्फ कडेने कसा येतो, जहाज कसं वर येतं, जणू तोच ध्रुवावर जाऊन आलाय. मला बोलायला जागाच मिळेना. आमचे मुख्य ड्राफ्ट्समनही आले. ते कितीतरी वेळ उभे राहिले, मग चक्क गुडघे टेकून खाली वाकले आणि स्टँडच्या फटीतून पोट बघितलं.

"पाण्याखालचं कोणी बघत नाही असं मी म्हणालो होतो," ते उठत म्हणाले. "सेक्शन कुणाचे?"

"माझेच."

"ड्रॉइंग आणून दाखवा उद्या." मी आणलेलंच होतं, पिशवीत गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलाच्या कोपऱ्यावर उलगडली, सावकाश बघितली. "तुम्ही अजून ट्रेसिंगला का बसता? पुढच्या महिन्यात माझ्या शेजारचा बोर्ड रिकामा होतोय." आणि खरोखरच मी त्या बोर्डावर बसले, पुढे नोकरी संपेपर्यंत.

परीक्षक म्हणून एक निवृत्त मरीन इंजिनियर आले होते, पांढऱ्या दाढीचे. बाकीच्या टेबलांवर ते दोन-दोन मिनिटं थांबत होते. आमच्याकडे आले आणि वाकून जहाज चहूकडून बघायला लागले. मग म्हणाले, "मी हे जहाज बघितलंय. खरं. आमची बोट तिकडे लागली होती, तेव्हा म्युझियममध्ये. आत जाता येतं. मी त्याच्या पोटाखाली उभा होतो." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक वळण काढलं, कडेपासून खालपर्यंत. मग तोच हात माझ्या जहाजाच्या पोटावरून फिरवला, अगदी हळू. हात कुठेच अडला नाही.

"हेच ते," ते म्हणाले. "हेच वळण. नकाशा कुठे मिळाला तुम्हाला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "नकाशाचं पान फाटलेलं होतं. हिने बर्फाला विचारून काढलं."

पहिला नंबर आमचाच आला. ढाल घ्यायला माझं नाव पुकारलं तेव्हा मी सासूबाईंचा हात धरून त्यांना वर घेऊन गेले. त्या पुढे, मी मागे. ढाल त्यांनीच घेतली, आणि खाली उतरताना आधी कोळणीच्या हातात दिली. तिने ती डोक्यावर पाटीसारखी ठेवली आणि हॉलभर फिरली.

संध्याकाळी टेम्पो डोंबिवलीला पोचला तेव्हा बिल्डिंगचं अंगण माणसांनी भरलेलं होतं. नवऱ्याने आधीच येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. आम्ही जहाज उतरवलं. मला वाटलं, थेट वर नेऊ. पण सासूबाईंनी अंगणाच्या मधोमध स्टूल मागवलं.

"आधी सगळ्यांना बघू द्या. मग वर."

वरच्या मजल्यावरच्या काकू पुढे आल्या. "अहो, एवढं काय आहे या जहाजात?"

सासूबाईंनी पदर खोचला, स्टुलाशेजारी ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "हे नॉर्वेचं. हात लावायचा नाही. याचं पोट गोल का आहे, ते आधी ऐका..." माझ्याकडे बघून त्यांनी मानेने खूण केली. मी वाकून पवनचक्कीवर जोरात फुंकर मारली. पाती गरगर फिरली, आणि अंगणातली सगळी मुलं एकदम टाळ्या वाजवायला लागली.